मासे दारात थांबलेत, बेल वाजवा! (नेटवरचे बारके आनंद)

अर्धविराम (धागाकर्ती)

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात कालव्यावर एक जुनं जलद्वार आहे. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात. नेमक्या त्या दिवसांत होड्यांची वर्दळ कमी, म्हणून दार बहुतेक वेळ बंद. मासे बिचारे दाराशी ताटकळतात आणि ताटकळता ताटकळता कुणाच्या तरी तोंडी पडतात. २०२१ मध्ये तिथल्या लोकांनी पाण्याखाली कॅमेरा बसवला, चित्र नेटवर थेट सोडलं आणि बाजूला एक बटण दिलं. जगाच्या पाठीवर कुणालाही मासा दिसला की त्याने बटण दाबायचं. फोटो तिकडे पोचतो, बरेच मासे जमलेत असं दिसलं की दार उघडतात. नाव ठेवलंय 'फिश डोअरबेल'.

पडद्यावर बहुतेक वेळ नुसतं हिरवट गढूळ पाणी. तरी जगभरातली माणसं ते बघत बसतात. मीही बसते.

नेटमुळे माणसं जोडली जातात असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गप्पा येतात, मन मोकळं करणं येतं. मला तसं फार कमी वेळा जमलंय. ओळख नसताना मन मोकळं करायला गेलं की एक तर समोरचा सल्ले देतो, नाहीतर स्वतःचं दुप्पट मोठं दुःख सांगतो. पण एखादं फुटकळ काम अनोळखी लोकांबरोबर शेजारी शेजारी बसून केलं, की ते लोक आवडायला लागतात. त्यांचं वय, गाव, चेहरा काही माहीत नसतं आणि लागतही नाही.

तुम्हाला असं कुठे काही सापडलंय का? आधीच सांगते, सुप्रभात छाप सुविचार नकोत. आणि नुसते दुवे टाकून पळू नका. त्यात नेमकं काय आवडतं ते लिहा.

रातकिडा

आयला, ही बेल मला माहीत आहे! सीझनमध्ये रात्रपाळीला दुसऱ्या खिडकीत उघडी असते. (साहेब हा धागा वाचत असतील तर: नसते.)

तासभर काही नाही. मग एकदम एक थोराड मासा येतो, कॅमेऱ्याला नाक लावून उभा राहतो, पाणीपट्टी थकलेल्याकडे बघावं तसा आपल्याकडे बघतो. आपण बटण दाबतो. त्याच्यासाठी दार उघडलं की नाही ते कधीच कळत नाही. तरी उगाच कॉलर ताठ होते. लोक गवताची काडी बघूनही बेल वाजवतात, म्हणून फोटो तपासायला मध्ये माणसं ठेवली आहेत. ती नोकरी मला हवी आहे.

गप्पू

+१. अलास्कातल्या कॅटमाई अभयारण्यातली जाडी अस्वलं पण यात धरा. २०१४ पासून दर शरदात लोक मतदान करून सगळ्यात सुटलेलं अस्वल निवडतात. प्रचार, आघाड्या, रुसवेफुगवे सगळं होतं आणि जो निवडून येतो त्याला पत्ताच नसतो. असे उमेदवार सगळीकडे असावेत.

शंकासूर

धागा गोड आहे, म्हणूनच शंका येते.

१९९० च्या दशकात रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या काही कुटुंबांना घरी संगणक आणि नेटजोडणी दिली आणि पुढची वर्ष-दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचा नेटवापर जास्त, त्यांचं घरातल्यांशी बोलणं कमी झालेलं, मित्रपरिवाराचा घेर किंचित आकसलेला, एकटेपणा आणि उदासी थोडी वाढलेली. गंमत म्हणजे ही मंडळी नेट वापरत होती ते मुख्यतः इतरांशी बोलायलाच. म्हणून निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी याला विरोधाभास म्हटलं.

माशासाठी बेल वाजवणं निरागस आहे, मान्य. पण ज्याला दिवसभरात कुणाशी चार शब्द बोलायला मिळत नाहीत त्याला तुम्ही गढूळ पाणी दाखवताय.

अर्धविराम

शंकासूर, तुम्ही येणार हे माहीत होतं, स्वागत. पण पाहणीचा पुढचा भाग गाळलात. त्याच क्राउट यांनी त्याच लोकांना काही वर्षांनी पुन्हा गाठलं आणि २००२ मध्ये लिहिलं की ते वाईट परिणाम बहुतांशी विरून गेले होते.

आता तुमच्या बाजूचं मीच सांगते. त्याच निबंधात आणखी एक नवी पाहणी होती. तिच्यात ज्यांचा स्वभाव बोलका आणि ज्यांच्यामागे आधीच माणसं, त्यांना नेटचा फायदा जास्त झालेला दिसला. बुजऱ्या, एकट्या लोकांच्या वाट्याला उलट. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. हे मला अजूनही टोचतं. म्हणून तर म्हणते की बुजऱ्याला गप्पांच्या खोलीत ढकलण्यापेक्षा हातात काहीतरी काम द्यावं.

टिंबटिंब

शंकासूरकाका, वाक्याच्या शेवटी :-) टाकत जा हो, लोकांना भांडण चाललंय असं वाटतं. मी पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय.

अवांतर: ही खूण जन्मली तीच अशा घोटाळ्यातून. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकी सूचनाफलकावर भौतिकशास्त्राचं एक कोडं चाललं होतं: सुटून खाली पडणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यावर एकाने चेष्टेत सूचना लावली की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. ज्यांनी मागचं वाचलं नव्हतं त्यांना ती खरी वाटली. मग विनोद ओळखायचा कसा यावर चर्चा झाली, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी आडवं हसू सुचवलं. तो मूळ संदेश हरवला होता. २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेपांमधून लोकांनी खणून काढला.

मला फालमनपेक्षा ते टेपा खणणारे जास्त आवडतात. एवढ्याशा तीन चिन्हांसाठी जुनी यंत्रं शोधायची, टेपा वाचायच्या!

पानवाचक

अर्धविरामताई, तुमचं 'शेजारी शेजारी काम' वाचलं आणि राहवलं नाही. एरवी मी फार लिहीत नाही, आज सहन करा.

डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स म्हणून एक संकेतस्थळ आहे. चार्ल्स फ्रँक्स यांनी २००० साली सुरू केलं. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि मग माणसांनी पान पान तपासायचं. तयार झालेली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला जातात. आजवर ४०,००० हून जास्त पुस्तकं या वाटेने गेली आहेत. यातली मेख अशी की कुणालाही अख्खं पुस्तक घ्यावं लागत नाही. एक पान घ्या. वर पानाचं चित्र, खाली यंत्राने वाचलेला मजकूर. दोन्ही जुळवा, पुढचं पान घ्या, नाहीतर उठा.

यंत्राच्या चुका माणसासारख्या नसतात, त्यांना वेगळीच खोडी असते. इंग्रजीत आर आणि एन ही अक्षरं जवळ आली की यंत्राला एम दिसतो. त्यामुळे 'मॉडर्न'चं 'मोडेम' होतं आणि एकोणिसाव्या शतकातले पाद्रीबुवा भर प्रवचनात मोडेमच्या दुष्परिणामांबद्दल बोलू लागतात. शब्द तर खरा आहे, त्यामुळे स्पेलचेकर गप्प. तिथे डोळाच लागतो. लेखकाची स्वतःची चूक मात्र सुधारायची नाही, असा नियम. चौकटी कंसात दोन तारे टाकून शंका लिहून ठेवायची, पुढचा बघेल.

आणि पुढचा बघतो हो! प्रत्येक पान तपासणीच्या तीन फेऱ्यांतून जातं, मग मांडणीच्या दोन, मग एकजण सगळं एकत्र बांधतो. आपण सोडलेल्या पानात पुढच्याने काय बदललं ते आपल्याला बघता येतं. मी ते बघतो. स्वल्पविराम होता तिथे मला पूर्णविराम वाटला, पुढच्याने शेपूट ओळखली. ती शेपूट म्हणजे छपाईतला ठिपका असावा असं मला अजून वाटतं, पण त्याने चित्र मोठं करून पाहिलं असणार म्हणून वाद घालत नाही. नवशिक्यांसाठी काही पुस्तकं राखीव असतात आणि त्यांची पानं तपासणारा जुना माणूस नंतर पत्र लिहितो: हे छान पकडलंत, इथे जोडरेघ अशी घेतात. मला असं पत्र आलं होतं. इतक्या बारकाईने माझं काम कुणी पाहिल्याचं नोकरीत तरी आठवत नाही.

तिथे एका पुस्तकावर एका वेळी अनेकजण असतात. कथा कुणालाच सलग कळत नाही. मला एका प्रवासवर्णनातलं वादळ मिळालं, पण जहाज बुडालं की वाचलं ते दुसऱ्याच्या पानात. मी चर्चेत विचारलं. उत्तर आलं, "वाचलं, पण कप्तानाची टोपी गेली." कोण होतं, कुठलं होतं, काही माहीत नाही.

ज्यांना वाचण्यापेक्षा बोलायला आवडतं त्यांच्यासाठी लिब्रिव्हॉक्स आहे. २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी सुरू केलं. अशीच जुनी पुस्तकं लोक घरी बसून मोठ्याने वाचतात आणि ध्वनिमुद्रण सगळ्यांसाठी खुलं. एकाच पुस्तकाचे अध्याय वेगवेगळ्या लोकांनी वाचलेले असतात. तिसऱ्या अध्यायात नायिकेचा आवाज घोगरा होतो. चालतं.

रातकिडा

"पण कप्तानाची टोपी गेली." पानवाचककाका, दंडवत घ्या. हे वाक्य मी चोरणार.

नकाशेवाला

मी पण त्याच पंथातला, फक्त अक्षरांऐवजी रस्ते. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा लोकांनीच काढलेला आहे, २००४ पासून. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा नीट नकाशाच उपलब्ध नव्हता. जगभरच्या लोकांनी उपग्रहचित्रांवरून गल्लीबोळ रेखून दिले आणि मदतपथकांनी ते वापरले. एरवी अर्थात असं काही नाट्य नसतं. मी छपरं काढतो. चार टोकांवर चार टिचक्या, झालं घर.

खगोलवेडा

पानवाचकांच्या टोपीला माझ्याकडून हिरवे मटार.

ऑक्सफर्डमध्ये केविन शाविन्स्की नावाच्या संशोधकाने एका आठवड्यात सुमारे ५०,००० दीर्घिकांची चित्रं डोळ्यांनी पाहून वर्गवारी केली. आणखी साडेआठ-नऊ लाख बाकी होती. कुणाचंही डोकं फिरेल. म्हणून त्याने आणि ख्रिस लिंटॉट वगैरे मंडळींनी जुलै २००७ मध्ये गॅलक्सी झू काढलं: चित्रं लोकांपुढे ठेवा, सर्पिल की लंबगोल ते लोकांनाच विचारा. पहिल्याच दिवशी अशी झुंबड उडाली की त्यांची यंत्रणा कोलमडली. आपण बघतोय ती दीर्घिका आपल्याआधी कदाचित कुणीच नीट पाहिलेली नाही, या एका विचाराने लोक रात्र रात्र जागले. मीही.

त्याच्या चर्चापानांवर काहींनी गंमत म्हणून एक धागा काढला. चित्रांत अधूनमधून छोटे हिरवे गोल ठिपके दिसत. त्यांना मटार म्हणायचं आणि कुणाला दिसला की आणून टाकायचा. टोळीला नावही विनोदीच, 'पीज कॉर्प्स'. दिसेल ते हिरवं टाकू नका, असे निकष त्यांनी आपापसात ठरवले, चाळण्या लावल्या, वर्णपट तपासले. हळूहळू अभ्यासकांच्या लक्षात आलं की ही मंडळी टवाळकी करत नाहीयेत. २००९ मध्ये शोधनिबंध आला: सुमारे २५० दीर्घिकांचा एक नवाच प्रकार. वस्तुमान आपल्या आकाशगंगेच्या शंभराव्या हिश्शाएवढं, आणि तारे तयार होण्याचा वेग तिच्या दसपट! शास्त्रीय वाङ्मयात आजही त्यांचं नाव 'ग्रीन पी' असंच आहे.

विनोदी धाग्यांना कमी लेखणाऱ्या संपादक मंडळाने नोंद घ्यावी. (हलके घ्या.)

सांजवात

मला आकाश-बिकाश कळत नाही, पण एक सांगते.

बी माय आइज नावाचं ॲप आहे. हान्स यॉर्गन विबर्ग हे डेन्मार्कचे, स्वतः दृष्टी अधू असलेले, लाकडी सामान बनवणारे कारागीर. त्यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये ते सुरू झालं. अंध व्यक्तीने ॲपवरून हाक दिली की तिच्या भाषेतल्या काही स्वयंसेवकांचे फोन एकदम वाजतात, पहिला उचलेल त्याच्याशी व्हिडिओ जुळतो. त्यांचा कॅमेरा आपल्याला दिसतो, आपण डोळे व्हायचं. स्वयंसेवक इतके उदंड झालेत की एका हाकेवर बरेच टपलेले असतात. त्यामुळे नाव नोंदवूनही मला कितीतरी महिने कॉल मिळालाच नाही. आला की दुसरंच कुणीतरी उचलायचं. माझ्या मुलीने तर नावच ठेवलं, "आईचा नेम".

शेवटी एकदा लागला. एक बाई होत्या. कपाटासमोर दोन दुपट्टे धरून विचारलं, "यातला निळा कुठला?" मी म्हटलं, तुमच्या उजव्या हातातला. "आणि तो कुठेतरी उसवलाय असं वाटतं, बघता का?" त्यांनी काठ सावकाश कॅमेऱ्यापुढून फिरवला. मी थांबा म्हटलं, टोकाला धागा निघालेला दिसत होता. "मग दुसराच घेते. तो रंगाने बरा दिसेल ना हो?" मी म्हटलं, छान दिसेल. "खरं सांगताय की बरं वाटावं म्हणून?" दोघी हसलो. आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

एवढंच. त्या समारंभाला निघाल्या होत्या की कामाला, विचारायचं राहिलं, आणि ते बरंच झालं. त्यांना माझी मदत हवी होती, चौकशी नाही.

शंकासूर

सांजवात, तुमचा प्रसंग मनापासून आवडला. पण मला नेमकं हेच म्हणायचंय. उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्या बाई येणार आहेत का? की टोपीवाले येणार? याला मदत म्हणा, सौजन्य म्हणा, खेळ म्हणा. नातं म्हणू नका.

सेतू

नातं नका म्हणू, पण त्याला किंमत नाही असंही म्हणू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची खबर माणसाला जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते. कारण साधं आहे. जिवलगांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं.

ते झालं उपयोगाचं. मनाचं म्हणाल तर जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांचं २०१४ चं काम बघा. ज्या दिवशी विद्यार्थी वर्गातल्या नुसत्या तोंडओळखीच्या लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलले, त्या दिवशी ते जास्त आनंदात होते आणि आपण इथले आहोत ही भावनाही जास्त होती. हे प्रत्यक्षातल्या ओळखींचं आहे, नेटवर जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही. पण आजारपणात कोण येणार ही एकच कसोटी लावली तर रोजच्या आयुष्यातली बहुतेक माणसं नापास होतील, शंकासूर. तुमच्यासकट. गेल्या वर्षी मी पाय मोडून पडलो होतो आणि तुम्ही फक्त "काळजी घ्या" लिहिलंत. तेवढ्यानेही बरं वाटलं होतं हे वेगळं.

शंकासूर

पाय मोडला होता तर "काळजी घ्या" याशिवाय काय लिहिणार? "पळा"?

टिंबटिंब

:-)

गिल्डवाला

एवढा वेळ वाचत होतो, आता काकांच्या प्रश्नाला उत्तर देतो. कोण येणार?

मॅट्स स्टीन नावाचा नॉर्वेचा मुलगा होता. स्नायू झिजत जाण्याचा ड्यूशेन हा आजार जन्मापासून. शेवटची कितीतरी वर्षं तो व्हीलचेअरवर बसून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा नेटवर इतरांबरोबर खेळायचा गेम खेळत असायचा. २०१४ मध्ये, वयाच्या पंचविशीत गेला. आईवडिलांना दुःख दुहेरी: मुलगा गेला, आणि मित्र, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच न अनुभवता गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं कळवलं. मग पत्रं यायला लागली, देशोदेशींहून. गेममध्ये तो 'इबेलिन' होता. त्याने कुणाची समजूत काढली होती, कुणाला घरातल्यांशी पुन्हा बोलतं केलं होतं. त्याच्या गटातले काहीजण परदेशातून अंत्यसंस्काराला हजर राहिले.

काका, आले की नाही?

आणि हे लोक तिथे "एकटेपणावर बोलू या" म्हणून जमले नव्हते. राक्षस मारायला जमले होते. राक्षसाकडे जायची वाट लांब असते, त्या वाटेवर लोक बोलतात.

अर्धविराम

गिल्डवाला, मला धाग्यात जे म्हणायचं होतं ते या शेवटच्या ओळीत आलं.

शंकासूर

आले, मान्य. पण त्यासाठी वर्षानुवर्षं रोज भेटणं लागलं, तेच लोक, तीच जागा. बेल वाजवून पळणाऱ्यांचं ते नाही. आणि एका इबेलिनमागे किती मुलं नुसती बघत बसली असतील? ज्यांचे व्हिडिओ रोज बघायचे, ज्यांच्या घरातली मांजरं नावानिशी ओळखायची आणि ज्यांना आपण आहोत हेही माहीत नाही, अशी. हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्येच, टीव्ही नवा असताना, या एकतर्फी जवळिकीवर लिहून ठेवलंय. आज तो धंदा झालाय.

कोपऱ्यातली खुर्ची

नमस्कार. वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय.

शंकासूर म्हणतात त्या 'नुसतं बघणाऱ्यां'पैकी मी. जेकब नील्सन यांचा २००६ चा एक ठोकताळा आहे: ऑनलाइन समूहात शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ कधीमधी लिहितात, एकजण जवळजवळ सगळं लिहितो. आम्हा नव्वदांकडे बघायची पद्धत दोनच: एक तर आम्ही फुकटे, नाहीतर बिचारे. 'लिहिते व्हा' म्हणून पाठीवर हात. मला सांगा, रोज पार्कातल्या बाकावर बसून समोरची वर्दळ बघणाऱ्या माणसाला कुणी 'चालते व्हा' म्हणतं का?

(म्हणत असतील. पण उद्धटपणाच तो.)

मी इथे वर्षानुवर्षं वाचतेय. टिंबटिंब यांना परीक्षेची भीती वाटायची तेव्हापासून. सेतूंच्या पायाचं मला माहीत होतं, लिहिलं नाही, पण प्लास्टर निघाल्याचं वाचून खूश झाले होते. एकतर्फी आहे, खरं आहे. पण व्हिडिओवाल्याला माझा वेळ विकायचा असतो, तुम्हाला कुणाला माझ्याकडून काही नको असतं. हा फरक मोठा आहे.

टिंबटिंब

बाप रे. खुर्चीताई, स्वागत! परीक्षा पास झालो बरं का, सगळ्या.

चौकट

अजून वर्डलचं नाव कसं नाही निघालं? जॉश वॉर्डल यांनी तो शब्दखेळ आपल्या जोडीदारासाठी बनवला, २०२१ च्या ऑक्टोबरात सगळ्यांना खुला केला. १ नोव्हेंबरला खेळणारे ९०, दोन महिन्यांनी ३ लाख. दिवसाला एकच कोडं, जगभर सगळ्यांना तेच. निकाल पाठवायचा तो नुसत्या रंगीत चौकटींचा, म्हणजे उत्तर फुटत नाही. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एरवी कुणी कुणाशी धड बोलत नाही, पण सकाळी चौकटी पडतात. ज्याच्या पडल्या नाहीत त्याला दुपारी कुणीतरी विचारतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत शिकागोजवळ एका वृद्ध बाईंना घरात घुसलेल्या माणसाने कोंडून ठेवलं होतं. मुलगी राहते दुसऱ्या टोकाला, सिएटलमध्ये. आईचा रोजचा वर्डल आला नाही आणि संदेशांना उत्तरही नाही, म्हणून तिला शंका आली. पोलीस गेले, आई सुखरूप सुटली.

याच वॉर्डलनी आधी रेडिट या चर्चास्थळावर काम करत असताना 'प्लेस' नावाचा प्रयोग केला होता, १ एप्रिल २०१७ ला. हजार बाय हजार ठिपक्यांचा एक कोरा फळा. एका माणसाने एक ठिपका रंगवायचा आणि पुढच्यासाठी काही मिनिटं थांबायचं. एकट्याने काहीच काढता येत नाही. दहा लाखांवर लोकांनी मिळून, भांडून, तह करून तो भरला. ७२ तासांनी बंद.

सेतू

चौकट, एक सहज लक्षात आलं. इथे लोकांनी जे जे सांगितलं त्यातलं बरंच काही संपतं. दिवसाचं कोडं संपतं, ७२ तास संपतात, पान संपतं, कॉल संपतो. संपलं की माणूस उठतो. २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना पुढे आणली आणि पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. शंकासूर ज्याच्याशी भांडतायत ते मला वाटतं तेच: ज्याला शेवटचं पान नाही ते. इथे आपण सगळे एकाच बाजूला असू.

शंकासूर

एका बाजूला नाही, पण एका बाकावर बसू शकतो. खुर्चीताईंच्या.

पत्रमित्र

उशिरा आलो. पोस्टक्रॉसिंग राहिलंच की! पाउलो मॅगल्हायेश या पोर्तुगीज गृहस्थाने २००५ मध्ये सुरू केलेलं. संकेतस्थळ तुम्हाला एका अनोळखी माणसाचा पत्ता देतं, तुम्ही खरंखुरं पोस्टकार्ड पाठवायचं. ते पोचून त्याने क्रमांक नोंदवला की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी मिळतो. ज्याला पाठवलं त्याच्याकडून उत्तर येत नाही, हे मला फार आवडतं. परतफेड नाहीच, फिरत राहतं. सविस्तर वेगळा धागा काढतो.

रातकिडा

पत्रमित्र, "सविस्तर वेगळा धागा काढतो" हे वाक्य इथे आजवर कुणी पाळलेलं नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

पानवाचक, एक विचारू? ते पानं तपासायचं काम माझ्यासारखीला जमेल का? इंग्रजी वाचता येतं, पण लिहायचा आत्मविश्वास नाही. आणि तिथे लोकांशी बोलावं लागतं का?

पानवाचक

जमेल. लिहायचं काहीच नसतं, फक्त चित्रात आहे तसं मजकुरात आहे का ते बघायचं. बोलणं सक्तीचं नाही. चर्चापानावर न फिरकता काम करणारे पुष्कळ आहेत. नाव नोंदवलंत की पहिल्या फेरीची पानं लगेच मिळतात. आधी नियमांचं पान एकदा वाचा, मोठं आहे, घाबरू नका. मग नवशिक्यांसाठी राखीव असलेलं पुस्तक निवडा. सुरुवातीला कविता आणि नाटकं टाळा, ओळींच्या मांडणीने जीव जातो. प्रवासवर्णन घ्या. तळटीपा कमी असलेलं.

तेही नको वाटलं तर 'स्मूथ रीडिंग' म्हणून एक टप्पा असतो. जवळजवळ तयार झालेलं अख्खं पुस्तक नुसतं वाचायचं आणि अडखळायला झालं तिथे खूण करून पाठवायचं. तुम्हाला तेच आवडेल असं वाटतं. अडलं तर व्यनि (खासगी निरोप) करा, नाही तर इथेच विचारा.